श्वानाचें अन्न : कच्चें कीं शिजविलेलें ?

मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतून कुत्रा हा आतां केवळ दाराबाहेरचा राखणदार राहिलेला नाहीं. तो घरांतलें एक माणूस झाला आहे, आणि घरांतल्या माणसांच्या पथ्यपाण्याविषयीं जसे वाद होतात तसे त्याच्याही जेवणाविषयीं होऊं लागले आहेत. एक पक्ष म्हणतो, कुत्रा हा लांडग्याचा वंशज; लांडग्याला चूल ठाऊक नाहीं; तेव्हां कच्चें मांस, कच्चीं हाडें व कच्ची कलेजी हेंच त्याचें खरें अन्न. दुसरा पक्ष म्हणतो, कच्च्या मांसांत रोगाचीं बीजें असतात; सबब तें घरांत आणणें हाच अविचार. दोन्ही पक्षांना आपापलें म्हणणें अगदीं नवें वाटतें, हें विशेष. वस्तुतः हा प्रश्न निदान दोन हजार वर्षांचा जुना आहे, आणि त्यांत कुत्र्याच्या बरोबरीनें माणसाचेंही जीवित गुंतलेलें आहे, असें इतिहास चाळतांना आम्हांस दिसून आलें.

रोमन पंडित व्हॅरो ह्यानें ऐंशीच्या घरांत आल्यावर, इ. स. पूर्वी ३७ च्या सुमारास, शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत मेंढपाळांच्या कुत्र्यांविषयीं स्वतंत्र विवेचन आहे. कुत्र्याचें अन्न मेंढराच्या अन्नापेक्षां माणसाच्या अन्नाशीं अधिक जुळतें, असें तो सांगतो, आणि जवाची भाकरी दुधांत कुस्करून द्यावी असा नियम घालून देतो. हाडांचा रस्सा द्यावा. तींच हाडें ठेंचूनही द्यावींत. त्यांनीं दांत बळकट होतात, जबडा रुंदावतो व मगजाच्या चवीनें कुत्रा अधिक तिखट बनतो, असें त्याचें म्हणणें. आजचे कच्च्या हाडांचे पुरस्कर्ते दांतांच्या आरोग्याविषयीं जें सांगतात तें ह्याहून फारसें निराळें नाहीं. मात्र एका गोष्टीची व्हॅरो स्पष्ट मनाई करितो. मेलेल्या मेंढीचें मांस कुत्र्याला खाऊं देऊं नये. तें त्याला बाधेल म्हणून नव्हे. त्याची एकदां चटक लागली तर उद्यां जिवंत मेंढीपासून त्याला आवरणें कठीण जाईल म्हणून! उलट, कुत्र्याला उपाशी ठेवलें तर तो अन्नाच्या शोधांत कळप सोडून जाईल, किंबहुना आपल्याच कुत्र्यांच्या तोंडीं पडलेल्या अ‍ॅक्टिऑनची जुनी कथा खरी करून दाखवील, अशीही भीति त्यानें घातली आहे. ह्या सर्व उपदेशांत कुत्र्याच्या निसर्गाचा विचार थोडा आणि मेंढ्यांचा पुष्कळ आहे.

त्याच्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं कोलुमेला ह्यानें हाच विषय पुढें चालविला. दूध फाटल्यावर निघणाऱ्या पाण्यांत जवाचें पीठ कालवून द्यावें. जेथें द्राक्षमळेच आहेत व गुरें नाहींत, तेथें गव्हाची भाकरी कडधान्याच्या कढणांत भिजवून द्यावी. पण कढण कोमट असावें. कढत कढणानें कुत्रा पिसाळतो, असें तो बजावतो. पिसाळण्याचा रोग एका विषाणूमुळें होतो व कढणाचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं, हें आज शाळेंतला मुलगाही सांगेल. परंतु कुत्र्याचें जेवण चुलीवरून उतरलेलें असे, हें मात्र त्या चुकीवरूनच सिद्ध होतें.

आपल्याकडे मनुस्मृतीनें वैश्वदेवाच्या बलिप्रकरणांत कुत्रे, कावळे व कृमि ह्यांच्यासाठीं जमिनीवर अन्न ठेवण्यास गृहस्थास सांगितलें आहे. तें अन्न अर्थातच स्वयंपाकांतलें. पुढें भाकरीचा तुकडा, उरलेला भात व ताकाचा घोट ह्यांवर आपल्या खेड्यांतील कुत्र्यांच्या किती पिढ्या पोसल्या गेल्या ह्याची गणती नाहीं. ह्यांत शास्त्र फारसें नव्हतें. जें घरांत उरे तें दारांत जाई, आणि गरीब शेतकऱ्याच्या घरांत मांस उरत नसे, इतकेंच. युरोपांतील राजेरजवाड्यांची गोष्टही मुळांत वेगळी नव्हती. फ्वा प्रांताचा सरदार गास्तों फेबुस ह्यानें १३८७ पासून पुढें शिकारीवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहविला, त्याच्या काळीं शिकारी कुत्र्यांचा रोजचा घास भाकरीचा असे. सांबर पडलें म्हणजे त्याचें रक्त व आंतडीं भाकरीच्या तुकड्यांत मिसळून, तें सोललेल्या कातड्यावर पसरून, शिंगांच्या नादांत कुत्रे त्यावर सोडीत. हा सोहळा होता, आहार नव्हे. मांस हें बक्षीस; भाकरी हा पगार.

शिजविलेल्या अन्नाचा धंदा झाला तो मात्र एकोणिसाव्या शतकांत. अमेरिकेंतील सिनसिनाटी येथील जेम्स स्प्रॅट नांवाचा एक गृहस्थ, जो मूळचा इमारतींवरील वीजवाहक कांबी विकणारा, १८६० च्या सुमारास लंडनला आला. गोदीवर खलाशांचीं टाकून दिलेलीं टणक बिस्किटें कुत्रे खात असलेले पाहून त्याच्या डोक्यांत कल्पना आली, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, गव्हाचें पीठ, बीट व भाज्या आणि वाळविलेलें मांस ह्यांचीं त्यानें केलेलीं बिस्किटें विलायतेंतील शौकिनांत झपाट्यानें पसरलीं. त्याच्याच पेढीवर उमेदवारी केलेल्या चार्ल्स क्रफ्टनें १८९१ मध्यें स्वतःच्या नांवानें भरविलेलें श्वानप्रदर्शन आजही भरतें. पुढें १९२२ मध्यें अमेरिकेंत घोड्याचें मांस डब्यांत भरून विकूं लागले. दुसऱ्या महायुद्धांत डब्यांसाठीं पत्रा मिळेना, तेव्हां पुन्हां कोरड्या अन्नाकडे वळले. आणि १९५७ मध्यें उष्णता व दाब ह्यांच्या योगानें यंत्रांतून फुलवून काढलेल्या दाण्यांचें खाद्य बाजारांत आलें. आज आपल्या शहरांतील दुकानांतून जीं पोतीं दिसतात तीं ह्याच वंशांतलीं. कुत्र्याला काय मानवतें ह्याहून मालकाला काय सोयीचें पडतें ह्यावर हा धंदा उभा राहिला, असें म्हटल्यास त्याच्यावर अन्याय होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

आणि येथेंच कच्च्या अन्नाच्या कैवाऱ्यांचें म्हणणें आदरानें ऐकलें पाहिजे. कारण पिठावर व लापशीवर वाढविलेल्या कुत्र्यांचा इतिहास मुळींच निष्कलंक नाहीं. १९१८-१९ च्या सुमारास एडवर्ड मेलनबी ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें लंडनमध्यें कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग केले. त्या काळीं कारखान्यांच्या शहरांतून गरिबांचीं मुलें मुडदुसानें वांकड्या पायांचीं होत. रोगाचें कारण हवा, कीं उजेड, कीं अन्न, ह्याचा निकाल लागत नव्हता. मेलनबीनें पिलांना घरांत कोंडून ओटची लापशी, पाव व साय काढलेलें दूध ह्यांवर वाढविलें. त्यांचीं हाडें मऊ पडून वांकलीं. अन्नांत कॉड माशाच्या यकृताचें तेल घातलें तेव्हां तीं वांकलीं नाहींत. १९२२ मध्यें अमेरिकेंत मॅकॉलम ह्यानें त्या तेलांतील हें द्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वाहून निराळें असल्याचें दाखविलें, आणि त्यास ‘ड’ जीवनसत्त्व हें नांव मिळालें. असंख्य मुलांचे पाय सरळ राहिले त्याचें श्रेय त्या पिलांकडेही जातें. परंतु आपल्या प्रश्नापुरतें पाहतां लापशी व पाव एवढ्यावर कुत्रा नीट वाढत नाहीं, हें त्यांतून निर्विवाद ठरलें.

दुसरें उदाहरण अमेरिकेच्या दक्षिण भागांतलें. तेथील गरीब लोक मुख्यतः मक्याच्या पिठावर जगत व त्यांना पेलाग्रा नांवाचा भयंकर रोग होई. त्यांच्याच दारांतल्या, तेंच पीठ खाणाऱ्या कुत्र्यांची जीभ काळी पडून तेही मरत. दोन्ही रोगांचें मूळ एकच असावें असा संशय गोल्डबर्गर ह्या डॉक्टरनें प्रयोगांनीं बळकट केला, आणि १९३७ मध्यें विस्कॉन्सिन येथें एल्व्हेजेम ह्यानें निकोटिनिक आम्ल देऊन काळ्या जिभेचे कुत्रे बरे केले. मालकाच्या ताटांत जें उणें असतें तेंच कुत्र्याच्याही ताटलींत उणें असतें, ह्याचा ह्याहून करुण पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं.

तिसरें उदाहरण पुन्हां मेलनबीचेंच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बिस्किटांवर पोसलेले कुत्रे एकाएकीं भ्रमिष्टासारखे धांवत सुटत व झटके येऊन कोसळत. कोणी त्यास जंताचा उपद्रव म्हणे, कोणी कांहीं. १९४६ मध्यें मेलनबीनें दाखविलें कीं, पीठ पांढरें शुभ्र करण्यासाठीं गिरण्यांतून जो नायट्रोजन ट्रायक्लोराइड वायू त्यावर सोडीत, त्यानेंच हा विकार होतो. तेंच पीठ माणसेंही खात होतीं. पुढें ती रीत इंग्लंड-अमेरिकेंत बंद करण्यांत आली.

तेव्हां पोत्यांतल्या अन्नाविषयीं मनांत संशय असणें हें अडाणीपणाचें लक्षण खास नव्हे. ऑस्ट्रेलियांतील पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट ह्यानें १९९३ मध्यें आपल्या पुस्तकांतून कच्चीं मांसल हाडें, कलेजी व थोडा भाजीपाला ह्यांचा जो पुरस्कार केला, त्याला देशोदेशींच्या श्वानप्रेमी मंडळींनीं उचलून धरलें तें ह्या संशयामुळेंच. असें अन्न खाणाऱ्या कुत्र्याचें अंग तुकतुकीत दिसतें, शौच कमी व कोरडें होतें, दांतांवर कीट सांचत नाहीं, असें हे लोक सांगतात. आणि त्यांतील कांहीं गोष्टी खऱ्याही असतील. शिजविलेलें हाड ठिसूळ होऊन त्याच्या कपच्या निघतात व आंतड्यास टोंचतात, हें त्यांचें म्हणणें तर सर्वस्वीं मान्य केलें पाहिजे. जरी कच्च्या टणक हाडानेंही दांत तुटतात, हें ते सहसा सांगत नाहींत.

परंतु हे गुण कच्चेपणाचे आहेत काय ? मेलनबीच्या पिलांना जें उणें पडलें तें ‘ड’ जीवनसत्त्व. मक्यावरच्या कुत्र्यांना उणें पडलें तें निकोटिनिक आम्ल. आणि तें आम्ल शिजविलेल्या मांसांतही राहतें. ह्या पक्षाकडून कॅलिफोर्नियांतील डॉ. पॉटेंजर ह्यानें १९३२ ते १९४२ पर्यंत केलेले प्रयोग वारंवार पुढें केले जातात : कच्च्या मांसावरचीं जनावरें निरोगी राहिलीं व शिजविलेल्या मांसावरचीं पिढी-दरपिढी खंगत गेलीं. पण तीं जनावरें कुत्रे नव्हते, मांजरें होतीं. मांजराला टॉरिन नांवाचें द्रव्य अन्नांतूनच मिळावें लागतें, हें १९७५ च्या सुमारास सिद्ध झालें. शिजवितांना तें द्रव्य पाण्यांत उतरून जातें, आणि पॉटेंजरच्या मांजरांचें दुखणें बहुधा ह्यामुळेंच असावें असें पुढें मानण्यांत आलें. कुत्रा तें द्रव्य सहसा स्वतःच्या शरीरांत तयार करितो. मांजराचा दाखला कुत्र्याला लावणें म्हणजे शेजाऱ्याच्या जमाखर्चावरून आपलें कर्ज ठरविण्यासारखें आहे.

लांडग्याच्या वंशाचा मुद्दाही २०१३ मध्यें बराच ढिला पडला. स्वीडनमधील उप्साला येथील अ‍ॅक्सेलसन व त्याचे सहकारी ह्यांनीं कुत्रा व लांडगा ह्यांची आनुवंशिक द्रव्यें ताडून पाहिलीं. पिष्ट पचविणारा रस ज्या जनुकामुळें स्वादुपिंडांत तयार होतो, त्याच्या लांडग्यांत दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. पुढील संशोधनांत असेंही दिसलें कीं, शेतीच्या प्रदेशांतील कुत्र्यांत त्या पुष्कळ, तर ऑस्ट्रेलियाच्या रानांतील डिंगोंत बहुधा लांडग्याइतक्याच. म्हणजे व्हॅरोच्या मेंढपाळानें दुधांत कुस्करलेली भाकरी व आपल्या गृहस्थानें जमिनीवर ठेविलेला भात ह्यांनीं हजारों वर्षांत कुत्र्याचें पोटच बदलून टाकलें. तो लांडगा राहिला नाहीं. तो चुलीशेजारचा प्राणी झाला.

सबब आमचें मत असें बनलें आहे कीं, कच्चेपणाचे म्हणून जे गुण सांगितले जातात ते बहुतांशीं मांसाचे आहेत, आणि मांसाचे म्हणून जे दोष सांगितले जातात ते बहुतांशीं कच्चेपणाचे आहेत. ह्या दुसऱ्या अर्ध्याचा इतिहास पाहावयाचा तर आइसलंडांत गेलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आइसलंड हा मेंढ्यांवर व मासळीवर जगणारा, विरळ वस्तीचा, गरीब देश होता. शेतावर कुत्र्यावांचून चालत नसे. शरदांत डोंगरावरच्या मेंढ्या खालीं आणून कापीत. पुष्कळ मेंढ्यांच्या कलेजींत व फुप्फुसांत पाण्यानें भरलेल्या पिशव्या असत. तो भाग माणसाच्या उपयोगाचा नव्हे म्हणून कुत्र्यांपुढें टाकीत. त्याच देशांत माणसांनाही एक जुनें दुखणें होतें. यकृतांत पाण्याची गांठ धरे, वर्षानुवर्षें हळूहळू वाढे, पोट नगाऱ्यासारखें होई. कधीं ती आंतल्या आंत फुटून रोगी दगावे. १८४७-४८ मध्यें तेथें फिरलेल्या श्लाइसनर ह्या डॅनिश डॉक्टरनें सात माणसांत एकास हा रोग असावा असा अंदाज केला. हा अंदाज फुगलेला होता असें पुढें ठरलें. परंतु असा अंदाज एका जाणत्या डॉक्टरास करावासा वाटला, ह्यावरूनच त्या देशाच्या दुःखाची कल्पना येते.

मेंढीची पिशवी, माणसाची गांठ आणि दाराशीं बसलेला कुत्रा ह्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल, असें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. १८५२ मध्यें जर्मन प्राणिशास्त्रज्ञ झीबोल्ट ह्यानें मेंढीच्या कलेजींतील त्या पिशव्यांतील द्रव्य कुत्र्यांच्या पिलांना खाऊं घातलें. कांहीं आठवड्यांनीं पिलांचीं आंतडीं उघडून पाहतां त्यांत बारीक पट्टकृमि चिकटलेले आढळले. पट्टकृमि म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें हातभर लांब जंत उभा राहतो. हा मात्र उण्यापुऱ्या अर्ध्या सेंटिमीटरचा, तीन-चार पेऱ्यांचा. त्याचीं अंडीं कुत्र्याच्या विष्ठेंतून बाहेर पडतात, गवतावरून मेंढीच्या पोटांत जातात, आणि कुत्र्याच्या केंसांवरून, त्याला कुरवाळणाऱ्या हातावरून, मुलाच्या तोंडांत. मेंढीच्या यकृतांत जी पिशवी होते तीच मग मुलाच्या यकृतांत होते.

१८६३ मध्यें कोपनहेगनहून हाराल्ड क्राबे हा आइसलंडांत गेला. त्यानें शंभर कुत्रे उघडून पाहिले; २८ कुत्र्यांत हा कृमि निघाला. माणसाच्या गांठींतील द्रव्य कुत्र्याला चारून तोच कृमि तयार होतो, हेंही त्याच वर्षीं दाखविण्यांत आलें. मग १८६४ मध्यें क्राबेनें सामान्य लोकांसाठीं लिहिलेली एक लहानशी पुस्तिका आइसलंडी भाषेंत छापून घरोघर फुकट वांटण्यांत आली. तिचें तात्पर्य दोन वाक्यांत मावेल : पिशव्या असलेलें काळीज-फुप्फुस कुत्र्याच्या तोंडीं लागूं देऊं नका, तें जाळा किंवा खोल पुरा, आणि कुत्र्यांना जंतांचें औषध द्या. आइसलंडांत तेव्हां खेड्यापाड्यांतील कुटुंबें हिंवाळ्याच्या लांब रात्रीं एकत्र बसून मोठ्यानें वाचन करीत. ती पुस्तिका अशा घरांत गेली, हें त्या देशाचें भाग्य. १८६९ मध्यें कुत्र्यांवर कर व त्यांच्या संख्येस आळा घालणारा कायदा झाला. १८९० मध्यें पिशव्या नष्ट करणें व कुत्र्यांस औषध देणें सक्तीचें झालें. मेंढीच्या व्यापारांतही पालट होऊन कोंकरें पिशव्या पक्व होण्यापूर्वींच कापलीं जाऊं लागलीं व कत्तलखाने बंदिस्त झाले. शेवटीं राजधानी रेक्याविक येथें १९२४ मध्यें कुत्रा पाळण्यासच बंदी करण्यांत आली, आणि ती १९८४ पर्यंत सैल झाली नाहीं. विसाव्या शतकांत तो रोग त्या बेटावरून नाहींसा झाला. ज्या काळीं ह्या रोगावर कोणतेंही औषध नव्हतें त्या काळीं, मुख्यत्वेंकरून कुत्र्याच्या पुढ्यांतलें कच्चें काळीज उचलून घेऊन, एका राष्ट्रानें हें साधलें ! न्यूझीलंडनें हाच मार्ग धरून १९५९ मध्यें स्वतंत्र कायदा केला, शेतावरचा प्रत्येक कुत्रा औषध देण्यास हजर करविला, आणि २००२ मध्यें आपला देश ह्या रोगांतून मोकळा झाल्याचें तात्पुरतें जाहीर केलें.

ह्या कथेंत आमच्या मनास सर्वांत लागलेली गोष्ट ही कीं, कुत्रा आजारी पडत नाहीं. हजारों कृमि पोटांत बाळगूनही तो धडधाकट असतो, अंग तुकतुकीत असतें, भूक चांगली असते. ‘आमचा कुत्रा कच्च्या मांसावर पहा कसा धष्टपुष्ट आहे’ हा जो पुरावा मोठ्या अभिमानानें दिला जातो, तो आइसलंडांतील त्या २८ कुत्र्यांच्या मालकांनाही देतां आला असता. साल्मोनेलासारख्या सूक्ष्म जंतूंचीही गोष्ट तशीच. कुत्र्याला बहुधा कांहीं होत नाहीं, पण त्याची ताटली ज्या मोरींत धुतात, ज्या सतरंजीवर तो तोंड पुसतो आणि ज्या मुलाचें तोंड तो चाटतो, तेथें ते जंतु पोंचतात. अमेरिकेंतील पशुवैद्यांच्या संघानें २०१२ मध्यें कच्च्या मांसाविरुद्ध जो अभिप्राय दिला त्यांत ह्याच भयाचा भाग मोठा होता. कित्येक दिवस खोल गोठवून ठेविल्यानें पट्टकृमीच्या पिशव्या निर्जीव होतात हें खरें. साल्मोनेला मात्र गोठविल्यानें मरत नाहीं.

ज्याच्या घरीं रांगतें मूल आहे, म्हातारें माणूस आहे किंवा दुखण्यांतून उठलेलें कोणी आहे, त्यानें कुत्र्याला मांस अवश्य द्यावें, पण तें शिजवून, हाडें काढून, आणि एकट्या मांसावर न ठेवितां पशुवैद्याच्या सल्ल्यानें बाकीचें अन्न जुळवून द्यावें, असें आम्ही म्हणूं. नुसत्या दूधभातावर, अगर मालक शाकाहारी म्हणून वरणपोळीवर, पिल्लू वाढविणाऱ्यांनीं मेलनबीचीं पिलें आठवावींत. आणि खाटकाकडून ‘कुत्र्यासाठीं’ म्हणून स्वस्तांत मिळणारी कलेजी व फुप्फुसें कच्चीं आणणाऱ्यांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें कीं, हा रोग आइसलंडांतून गेला, आपल्या देशांतून गेलेला नाहीं. आपल्याकडील मेंढ्या-बकऱ्यांत त्या पिशव्या अजून सांपडतात, शस्त्रवैद्यांना माणसांच्या यकृतांतही सांपडतात. आणि कित्येक गांवीं उघड्यावर जनावर कापलें जातें तेथें, सुरी पुसून होण्याच्या आधींच, टाकलेल्या तुकड्यांभोंवतीं कुत्र्यांचें कोंडाळें जमलेलें असतें.